माझ्या भावाचे चार गोल

माझा धाकटा भाऊ शिवप्रसाद ह्याच्यासारखा स्ट्रायकर अख्ख्या बिदर जिल्ह्यात झाला न्हाई. हे मी म्हणत न्हाई, त्याच्या सत्काराच्या पत्रिकेत छापलं होतं. 'गोलांचा बादशहा'. वाचून मला असा ठसका लागला की डोळ्यांतनं पाणी आलं. माझ्या बायकोनं, राजूबाईनं, तांब्या पुढं केला अन् म्हणली, "हळू, हळू. सख्ख्या भावाचं कौतुक असं घशात अडकू नये."

आता बादशहाची खरी हकीकत ऐका. मी अंकुशराव, कमलनगरचा. तुरीची शेती, बस स्टँडसमोर खताचं दुकान, अन् तरणा होतो तवा गावच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. माझी जागा बॅकची. शिवप्रसादची जागा लिंबाखाली. बारावा गडी म्हणून नाव यादीत असायचं, कारण जर्सी आमच्या वडलांनी, अप्पांनी, घेऊन दिल्या होत्या. चेंडू ह्याच्याकडं आला की हा बाजूला सरकायचा, जसा काय सुटलेला वळू अंगावर आलाय. दहा वर्षांत त्यानं एकदाच चेंडूला जोरात लाथ मारली, ती आपल्याच गोलात. ह्याच्या फुटबॉलची कहाणी तिथंच संपायची. ती पुढं छत्तीस वर्षं चालली, कारण ह्याच्या नावानं दुसराच एक माणूस खेळून गेला.

तो राजपाल. बिदरचा, मैलूरचा. बुटका, काळासावळा, पायात बूट न्हाईत. त्याच्या पायात काय होतं ते मला विचारा, मी त्याला सरावात अडवायचो. म्हंजे अडवायला जायचो अन् तोंडावर आपटायचो. हा डावीकडं बघायचा, मी डावीकडं पळायचो, अन् हा आरामात उजवीकडनं निघून गेलेला असायचा. वरनं मागं वळून दात काढायचा. मी दोनदा मुद्दाम त्याची नडगी फोडली. तरी पठ्ठ्या दात काढायलाय.

एवढा गडी बिदरच्या टीममधी कामून न्हवता, असं तुम्ही विचाराल. सिलेक्शन ज्यांच्या हातात होतं त्यांना मैलूरच्या बौद्ध वस्तीतलं पोरगं नको होतं. तसं त्यांनी म्हणलं न्हाई. "हाईट कमी पडायलीय," म्हणले. हाईट! त्यांच्या टीमचा गोलकीपर माझ्या खांद्याला लागायचा.

मग मी राजपालला आमच्याकडं आणला. एकोणनव्वद साल. गुलबर्ग्याला विभागाची स्पर्धा होती अन् नियम असा, की टीममधी आपल्याच तालुक्यातले गडी पाहिजेत. आम्ही तवा औराद तालुक्यात, राजपाल बिदर तालुक्यातला. पण नियमाला कोण विचारतो? आमच्या भागात नाव उसनं देणं ही चोरी न्हाई, शेजारधर्म हाय. इथनं तासा-दीड तासात तीन राज्यं लागतात. माणसाचं रेशनकार्ड इकडं, शेत उदगीरकडं, सासुरवाडी जहिराबादला. एकच बाप्या तीन याद्यांत सापडतो अन् तिन्ही ठिकाणी खरा असतो. मग फुटबॉलच्या यादीत एक नाव इकडचं तिकडं झालं तर कुणाच्या बापाचं काय गेलं? बाहेरचा गडी आला की आम्ही विचारायचो, "कुणाच्या नावावर खेळतोस?" पाव्हण्याला विचारावं कुणाच्या सतरंजीवर झोपतोस, तसं.

शिवप्रसादच्या मांडीला करट झालं होतं. त्याला धड बसताही येत न्हवतं. मी त्याच्या अंगातली जर्सी काढली अन् राजपालला दिली. "आजपासनं तू शिवप्रसाद," म्हणलं. राजपाल म्हणला, "हौ, चलता. खेळायला मिळतंय की."

हेच त्या येड्याचं वाक्य. जन्मभर हेच. खेळायला मिळतंय की.

फायनलला त्यानं चार गोल मारले. पहिला, गोलाकडं पाठ करून उभा होता अन् तसाच वळून. दुसरा डोक्यानं, दोन ताडमाड बॅकांच्या मधनं उडी मारून. हाईट कमी पडायलीय म्हणणारे कुणी तिथं बसले असतील तर त्यांनी बघितला असंल. तिसरा असा की तीन गडी मागं टाकून गोलकीपरसमोर गेला अन् मारलाच न्हाई. नुसता थांबला. गोलकीपर घाबरून आपणहून आडवा झाला, मग ह्यानं हळूच चेंडू सरकवला. चौथा पेनल्टीचा. भोंग्यावर नावं पुकारणारा माणूस बोंबलायलाय, "शिवप्रसाद! शिवप्रसाद! पुन्हा शिवप्रसाद!" अन् खरा शिवप्रसाद बनियनवर लिंबाखाली एका कुशीवर टेकून शेंगा खायलाय. चौथ्या गोलाला तोही उठून टाळ्या वाजवायला लागला. करट विसरला.

कपासोबत फोटो काढला. मधोमध राजपाल गुडघ्यावर बसलेला, कप त्याच्या हातात. खाली नावं छापली. मधोमध शिवप्रसाद.

ट्रकनं गावात आलो तर स्टँडवर हलग्या वाजायल्या. अप्पा, सरपंच, सगळे हार घेऊन उभे. अन् हार कुणाच्या गळ्यात पडला? शिवप्रसादच्या. गावानं विचार केला, नाव तर आपल्याच पोराचं हाय. राजपाल ट्रकमधी उभाच होता. कुणीतरी म्हणलं, बिदरची जीप सुटायलीय, ह्याला बसवून द्या. बसवून दिला. सगळी टीम आमच्या घरी जेवायला, मटणाचा बेत, अन् ज्यानं चार गोल मारले त्याला 'जेवून जा' असं एकानं म्हणलं न्हाई. कामून न्हाई म्हणलं, ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतंय. मी कॅप्टन होतो. मीही म्हणलं न्हाई.

महिन्याभरानं गुलबर्ग्याहून शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं. विभागाचा सर्वोत्तम स्ट्रायकर, शिवप्रसाद. तीन वर्षांनी एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागा निघाल्या. शिवप्रसाद दोनदा बीएला बसून दोनदा बसलेलाच राहिला होता. अप्पा म्हणले, सर्टिफिकेट लाव. फॉर्मवर टीमच्या कॅप्टनची सही लागत होती. मी केली. दुकानात उभ्या उभ्या, गिऱ्हाईकाला युरियाचं पोतं देता देता केली. मनात आलं, राजपालला कुठं हे कागद कळायलेत? अन् कळले तरी काय करील?

अशी आमच्या बादशहाची नोकरी लागली. आयत्या बिळावर नागोबा!

पण नागोबालाही ताप असतो. खात्याच्या दरसाल स्पर्धा. पहिल्याच वर्षी साहेब म्हणले, "शिवप्रसाद, आता बघू तुझा खेळ." ह्याची पाचावर धारण बसली. आदल्या दिवशी हा गुडघ्याला पट्टा बांधून हजर. "डॉक्टरनं मना केलंय." पुढल्या वर्षी कंबर. त्याच्या पुढल्या वर्षी घोटा. मी एकदा त्याच्या ऑफिसात गेलो तर पट्टा डाव्या गुडघ्याला अन् लंगडायलाय उजव्या पायानं. मी म्हणलं, "अरे गाढवा, एक तर पाय बदल न्हाई तर पट्टा." चार वर्षांनी लोकांनी विचारायचंच सोडलं. मग हा मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसायला लागला. मग पाहुणा म्हणून यायला लागला. मग माईक हातात घेऊन "आमच्या काळात" म्हणून बोलायला लागला. जखमी वाघाला जो मान मिळतो तो सगळा ह्या सशानं तेहतीस वर्षं खाल्ला.

सगळ्यात कहर सांगतो. एका शाळेत ह्याला भाषणाला बोलावलं अन् ह्याला तिसरा गोल आठवेना. आठवणार कसा, शेंगा सोलत होता! तर हा स्कूटरवर बसून सरळ मैलूरला गेला, राजपालच्या पंक्चरच्या दुकानात, अन् विचारलं, "राजपाल, तिसरा गोल मी कसा मारला होता?" अन् त्या राजपालनं काय करावं? हाकलून द्यावं की न्हाई? थुंकावं की न्हाई? त्यानं हातातला पाना खाली ठेवला, नटबोल्ट मांडून मैदान तयार केलं अन् अर्धा तास शिकवलं. "इथं तू थांबलास. घाई केली न्हाईस." 'तू' म्हणला! शिवप्रसादनं मला हे हसत हसत सांगितलं. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

राजपालच्या खेळाची हकीकत तर आणखी न्यारी. गुलबर्ग्याच्या फायनलनंतर त्याचा भाव वाढला. भालकीला खेळला, हुमनाबादला, बसवकल्याणला, उदगीरला, जहिराबादला. कुठं तिप्पण्णा म्हणून, कुठं बाबूलाल म्हणून, एकदा तर मेलेल्या माणसाच्या नावावर खेळला, कारण यादी जुनी होती. मिळायचं काय? जीपचं भाडं अन् एक वेळचं जेवण; तेही बऱ्याच ठिकाणी कागदात बांधून. मी म्हणायचो, "लेका, एकदा तरी आपलं नाव सांग." तर म्हणायचा, "नाव सांगितलं की बाकावर बसवतेत, कॅप्टन. दुसऱ्याचं सांगितलं की आत घेतेत." पंधरा वर्षं खेळला. गोल किती मारले देवाला ठाऊक. त्याच्या स्वतःच्या नावावर एक न्हाई.

जहिराबादला एका धटिंगण बॅकनं त्याचा गुडघा मोडला. खरा गुडघा, खरा मोडला. दवाखान्यात नेला तर तिथंही टीमवाल्यांनी यादीतलंच नाव सांगितलं, पंचाईत नको म्हणून. त्याच्या एक्स-रेच्या पाकिटावर आजही भलत्याच कुणाचं तरी नाव हाय. मला दाखवलं त्यानं. अन् दाखवताना हसायलाय. सांगा आता, असल्या माणसाला काय म्हणावं?

खेळ सुटला तसं त्यानं मैलूरच्या क्रॉसजवळ पंक्चरचं दुकान टाकलं, अन् रोज सकाळी वस्तीतल्या पोरींना फुटबॉल शिकवायला लागला. पोरांना न्हाई, पोरींना. मी विचारलं, पोरी कामून? म्हणला, "पोरींना कुणी दुसऱ्याच्या नावावर खेळवत न्हाई. त्यांना मुळात कुणी खेळवतच न्हाई. मग त्या आपल्या नावानंच खेळतील." हे मात्र त्यानं न हसता सांगितलं. वीस वर्षं शिकवलं. चार पोरी राज्याच्या टीममधी गेल्या. त्याची धाकटी, प्रेरणा, तिचा डावा पाय बघितला अन् मला माझे आपटलेले दात आठवले.

गेल्या वर्षी बिदरला मुलींसाठी क्रीडा वसतिगृह झालं. राजपालच्या अकरा पोरी एकदम आत घेतल्या. राहणं, खाणं, बूट, सगळं. आता पोरी आत, तर शिकवणाराही आतलाच पाहिजे. बाहेरच्याला मैदानावर पाय ठेवता येत न्हाई. कोचची जागा निघाली. अट एकच, विभागाच्या पातळीवर खेळल्याचा पुरावा. सर्टिफिकेट नसंल तर टीमचा फोटो अन् कॅप्टनचं लेखी पत्र.

अशा रीतीनं राजपाल माझ्या दुकानात आला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. पाय ओढत, सोबत प्रेरणा. पिशवीतनं तो फोटो काढला अन् काउंटरवर ठेवला.

"कॅप्टन, दोन वळी लिहून दे. मधला माणूस राजपाल हाय, एवढंच. शिवाचं नावसुद्धा घेऊ नको."

मी फोटो बघितला. खाली शिवप्रसाद छापलेलं. नाव घ्यायची काय गरज? आंधळ्यालाही कळलं असतं. मधला माणूस राजपाल, तर मग शिवप्रसाद कोण? अन् शिवप्रसाद कुठल्या सर्टिफिकेटावर नोकरी करायलाय? त्याच्या रिटायरमेंटला महिना राहिलेला. चौकशी लागली असती तर हा तर बुडालाच असता, अन् फॉर्मवर सही माझी.

"मुदत कधीपर्यंत हाय?" मी विचारलं.

"पुढल्या सोमवारी चारपर्यंत. न्हाई दिलं तर दुसरा कुणी येईल." मग म्हणला, "दुसरा आला तर येऊ दे, पण ह्या पोरी मला सोडून कुणाकडं खेळल्या न्हाईत रे. मला तेवढंच येतंय."

"बघू," मी म्हणलं. "शिवाशी बोलतो. मग बघू."

प्रेरणा काउंटरजवळ आली. ती म्हणली, "काका, दोन वळीत बघायचं काय असतंय?"

"पोरी, मोठ्यांच्या मधी बोलू नये," मी म्हणलं. आवाज चढवून म्हणलं. माझा आवाज चढायला काही लागत न्हाई.

रात्री जेवताना मी राजूबाईसमोर सगळ्यांचा उद्धार केला. शिवप्रसाद चोर, राजपाल मूर्ख, वसतिगृहवाले कागदाचे किडे, अप्पा वर गेले तरी त्यांनाही सोडलं न्हाई. राजूबाईनं सगळं ऐकलं अन् भाकरी वाढत म्हणली, "मग लिहा की."

"तुला कळतंय का काही? माझा सख्खा भाऊ हाय तो."

"मग नका लिहू. पण मला ऐकवू नका."

चार दिवस मी तळमळलो. शिवप्रसादला फोन केला तर तो म्हणला, "अण्णा, रविवारी सत्कार हाय माझा, त्यात तुम्ही हे काय काढायलाव? राजपाल आपलाच माणूस हाय, त्याला मी समजावतो. शाल देऊ त्याला पण." शाल! मी फोन आपटला. त्या क्षणी मी ठरवलं, बास. सगळ्यांसमोर सांगायचं. भर मैदानात, माईकवर. काय व्हायचं ते होऊ दे. एकदा ठरवल्यावर मला लई हलकं वाटलं. आरशात बघितलं तर मीच मला मर्द वाटायलो.

रविवारी सकाळी कमलनगरच्या मैदानावर मांडव. सीमाभाग फुटबॉल मंडळ म्हणून पाच-सहा जणांनी काढलेलं मंडळ हाय, त्यांचा कार्यक्रम. बादशहा फेटा बांधून मधल्या खुर्चीवर. गुडघ्याला पट्टा, सवयीनं. समोर दोन-तीनशे माणसं. कडेला राजपालच्या पोरी जर्सी घालून, कारण नंतर त्यांचा प्रदर्शनी सामना ठेवलेला. राजपाल त्यांच्यामागं उभा.

मंडळाचा प्रभुलिंग माईकवर म्हणला, "आता चार शब्द बोलतील शिवप्रसादजींचे मोठे बंधू, आमचे तिखटजाळ अंकुशराव!" लोक आधीच हसायला लागले. मी उठलो की लोक हसतात. लग्न असो, मयत असो, मी कुणाची तरी सालटी काढणार हे ठरलेलं.

मी माईक धरला. म्हणलं, "हा बसलाय तो स्ट्रायकर न्हाई. ह्यानं आयुष्यात एक गोल मारला, तो आमच्याच गोलात."

हशा.

"गुलबर्ग्याला चार गोल झाले तवा हा लिंबाखाली शेंगा खात होता. मांडीला करट झालं होतं ह्याच्या!"

मांडव हलला. पुढच्या रांगेतले डोळे पुसायले. मी ओरडलो, "हसू नका! ते चार गोल त्या राजपालनं मारलेत. तो तिकडं उभा हाय. ह्याच्या नावावर खेळला तो. ह्याची नोकरी खोटी, सर्टिफिकेट खोटं, हा गुडघ्याचा पट्टासुद्धा खोटा!"

शिट्ट्या पडल्या. कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं. अन् शिवप्रसाद काय करायलाय? पोट धरून हसायलाय! उठला, माझ्या गळ्यात पडला, माझ्याच हातातला माईक घेतला अन् म्हणला, "आमचे अण्णा म्हंजे अण्णाच! लहानपणापासनं मला सोडलं न्हाई यांनी, आज तरी कामून सोडतील?" टाळ्यांचा कडकडाट. प्रभुलिंग म्हणला, "भाऊ असावा तर असा!" अन् माझ्याही खांद्यावर एक शाल टाकली.

मी शाल घेऊन खाली उतरलो. खोटं कामून बोलू, आत एक गारवा होता. बोललो तर खरं. माझं काम झालं. लोकांनी न्हाई ऐकलं तर माझा काय दोष?

राजपाल मांडवाच्या कडेनं पाय ओढत माझ्याकडं आला. मला वाटलं, आता हात हातात घेईल. म्हणलं, "ऐकलंस न्हवं? सगळं सांगितलं. एक शब्द राखला न्हाई."

"ऐकलं," तो म्हणला. ह्या वेळी दात काढले न्हाईत. "कॅप्टन, मी तुला लिहून दे म्हणलं होतं. तू बोललास. तुझ्या बोलण्याला लोक हसतात, हे मला छत्तीस वर्षं ठाऊक हाय. तुला ठाऊक न्हवतं व्हय?"

मी खांद्यावरची शाल सारखी करायला लागलो.

त्यानं शर्टाच्या खिशातनं घडी केलेला कागद काढला. दोन वळी त्यानं दुसऱ्या कुणाकडनं तरी चांगल्या अक्षरात लिहून आणल्या होत्या. खाली माझं नाव अन् सहीपुरती जागा. पेनही उघडून पुढं धरला.

"उद्या चारपर्यंत मुदत हाय. तू तर सगळ्या गावासमोर बोललास. आता हे काय अवघड न्हाई."

मी मांडवाकडं बघितलं. शिवप्रसाद फेटा सावरत लोकांच्या सोबत फोटो काढून घ्यायलाय. त्याची नातवंडं भोवती. त्याची बायको अंबिका माझ्याकडं बघून हात जोडायलीय, मी तिच्या नवऱ्याचं एवढं गमतीनं कौतुक केलं म्हणून. मी कागदाकडं बघितलं. दोनच वळी होत्या. मला स्पष्ट दिसत होत्या.

मी म्हणलं, "चष्मा घरी राहिलाय रे. न वाचता सही कशी करू?"

चष्मा माझ्या सदऱ्याच्या खिशातच होता. त्याची काडी बाहेर आलेली होती. राजपालनं माझ्या खिशाकडं बघितलं. प्रेरणानंही बघितलं, ती बापाच्या मागंच येऊन उभी होती. राजपालनं पेनाचं टोपण लावलं, कागदाची पहिल्यासारखीच घडी घातली अन् म्हणला, "बरं." मग पोरींकडं वळून ओरडला, "चला गं, बूट बांधा, उशीर व्हायलाय."

सामन्यात पोरींनी पाच गोल मारले. मी बघायला थांबलो न्हाई.

वसतिगृहात आता दुसरा कोच आलाय. लांबचा हाय, माणूस वाईट न्हाई म्हणतेत. सर्टिफिकेट हाय त्याच्याकडं. राजपाल सकाळी दुकान उघडायच्या आधी वसतिगृहाच्या जाळीबाहेर उभा राहतो. वॉचमननं दोनदा हटकलं, तसा आता रस्त्याच्या पलीकडं उभा राहतो. मी परवा बिदरला गेलो तवा बसमधनं बघितलं.

प्रेरणा मला बिदरच्या स्टँडवर भेटली होती. मीच हाक मारली, "काय गं प्रेरणा, खेळ काय म्हणतोय?" तिनं माझ्याकडं बघितलं अन् बॅग उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बरोबर केलं तिनं.